नदीचं गाणं आणि गोल बटण

३ मार्च

— आणि म्हणे मराठी गाण्यांवर गाडी विकली जात नाही! फार तर डोकेदुखीचं मलम खपेल. आमचा जाहिरातवाला हे अख्ख्या मीटिंगसमोर बोलला आणि सगळे हसले. मीपण हसले. त्याचाच जास्त राग आला.

मागितलं काय मी? सकाळचा एक तास. आमचं रेडिओ स्टेशन दिवसभर सगळ्या जगाची गाणी वाजवतं, त्यातला एक तास फक्त मराठी. साहेब शेवटी म्हणाले, चाचणी घेऊ. गाणी पास झाली तर तास तुझा. नापास झाली तर हा विषय परत काढायचा नाही, गुपचूप ट्रॅफिकच्या बातम्या वाचायच्या.

घरी येऊन आईला सांगितलं. तर म्हणते, "तू मराठी बोलणार रेडिओवर? आणि लोकांना समजावून कोण सांगणार?"

इंग्लिश मीडियममध्ये मला घातलं कुणी गं? माझं मराठी भाड्याच्या सायकलसारखं आहे, मान्य. पण चालतं ना!

५ मार्च

माझ्या टेबलावर मलमाची डबी. जाहिरातवाला लांबून बघत होता. मी लावलं. खरंच डोकं दुखत होतं.

८ मार्च

चाचणी म्हणजे काय ते आज कळलं. एक बाहेरची कंपनी हॉलमध्ये लोक जमवते. प्रत्येकाच्या हातात एक डबी, डबीवर गोल बटण. गाण्याचा छोटासा तुकडा वाजतो — घास तोंडात जाईपर्यंत संपतो एवढा! — आवडला तर बटण उजवीकडे फिरवायचं, नाही आवडला तर डावीकडे. की लगेच पुढचा तुकडा. लोकांना स्टेशनचं नावसुद्धा सांगत नाहीत. आणि एक कडक नियम: स्टेशनवाल्यांच्या घरचं कुणीही हॉलमध्ये नको. सापडलं तर अख्खी चाचणी रद्द.

तुकडे कापायचं काम माझं. घरी कापत बसले होते. यादीत सगळ्यात वर आईचं आवडतं नदीचं गाणं. ती इस्त्री करत होती. तुकडा संपला तरी ती गातच राहिली. नेहमीसारखी फार वरच्या सुरात सुरुवात, मग स्वतःच "थांबा, वर गेलं", आणि परत खालून. खोलीत मी एकटीच असले तरी "थांबा"च म्हणते, जसं काही मागे वाद्यवृंद बसलाय.

मग मला बोलली. म्हणे गाणं असं मधेच तोडलं की शिंक अडकल्यासारखं होतं. कोण करतं असली कामं?

मी करते गं. पगार घेऊन.

१५ मार्च

आज चाचणी झाली. आम्हाला तिकडे फिरकायची परवानगी नाही, म्हणून ऑफिसात बसून नखं खाल्ली. धीर यावा म्हणून आईला तीनदा फोन केला, उचलला नाही. घरी आले तर बाई चांगली साडी नेसून खुशीत. खालच्या काकूंबरोबर कुठेतरी गेली होती, चहा-बिस्किटं खाऊन आली. कुठे ते विचारायचं मला भान कुठलं!

१८ मार्च

नापास. नुसतं नापास नाही — सपाट! बाकीच्या गाण्यांना बटणं डावी-उजवीकडे फिरलीत. मराठी तुकडा आला की कागदावर सरळ रेघ. कुणी हातच लावला नाही. शिव्या तरी घालायच्या ना!

जाहिरातवाल्याने आज माझ्यासाठी चहा आणून ठेवला. ते जास्त लागलं.

१९ मार्च

काय लिहू, कुठून लिहू.

सकाळी साहेबांच्या मागे लागले की हॉलमधलं रेकॉर्डिंग ऐकू या, ती रेघ मला पटत नाही. कटकट मिटवायला ते हो म्हणाले. जाहिरातवालाही येऊन बसला.

परकी गाणी वाजतात, हॉल शांत, बटणांची बारीक करकर. मग नदीचं गाणं. तुकडा संपला — आणि एक बाई पुढची ओळ गायला लागली! आम्ही तिघं हसलो. ती मधेच थांबली, म्हणाली, "थांबा, वर गेलं."

मी पटकन आवाज कमी करायला हात पुढे केला.

तिने खालून परत उचललं, आणि हॉल तिच्या मागे गायला लागला. अख्खा हॉल! कंपनीचा माणूस ओरडतोय, बटण फिरवा, अहो बटण फिरवा, पण ऐकतो कोण. मग प्रत्येक मराठी तुकड्याला तेच. पुढेपुढे ती बाई ऐकूही येत नाही, दुसरेच कुणी सुरुवात करतात. बटणावर हात नाही, कारण सगळे टाळ्यांनी ताल धरतायत!

जाहिरातवाला तोंडातल्या तोंडात गुणगुणत होता. साहेबांनी बघितलं तर म्हणाला, घसा साफ करतोय.

साहेबांनी रेकॉर्डिंग बंद केलं. मग म्हणाले, "तास तुझा."

घरी येऊन थेट विचारलं. आई शांतपणे म्हणाली, हो, काकूंची जाऊ आजारी पडली म्हणून तिच्या जागेवर मी गेले. साबणाच्या जाहिरातीचं काहीतरी असेल असं वाटलं. मग वाजलं माझं गाणं.

मी म्हटलं, अगं, पण गायलीस कशाला?

"शिंक कुणी अडवून धरतं का? आणि मी एकटी गायले का? बाकीच्यांना मी चिमटे काढले होते?"

चिमटे नव्हते काढले. पण नियम तो नियम. आणि आई ती आई.

२१ मार्च

साहेबांचा हुकूम: पहिल्या दिवशी ती बाई स्टुडिओत हवी, तिच्याच आवाजात तास सुरू करायचा. जाहिरातवाल्याने त्यासाठी प्रायोजक पण आणलाय. गाडीवाला! तिला शोधायचं काम माझ्याकडे.

आत आई गातेय. वर गेलं. थांबली. परत खालून.

ती माझी आई आहे हे सांगितलं तर चाचणी रद्द, तास गेला. नाही सांगितलं तर तो हॉल खरा होता, आईशिवायही गायला असता, हे माझं मलाच रोज पटवत बसावं लागेल. डायरी, तुला सगळं माहितेय — तू काय केलं असतंस?