एक फोन, दोन कॉम्प्युटर

९ फेब्रुवारी २००४

आज पुन्हा! दुपारचे दोन, दुकानात गिऱ्हाईक नाही, माझ्या हातात उघडा टेपरेकॉर्डर — आणि कोपऱ्यातल्या मोडेमनं आपला आपण फोन लावला. टुकटुक, मग घरघर, मग गप्प. शेजारचा सायकलवाला जळबा तंबाखू मळत बसला होता, दचकला.

"गुलाबभाऊ, डब्यात भूत हाय काय हो तुमच्या? कुणी हात लावंना अन् फोन करून राहिला!"

म्हणालो, भूत नाही बाबा, वर सून आहे.

ही रणजीतची करामत. फोनची लाइन एकच. एक कॉम्प्युटर खाली दुकानात, एक वर घरात. मधे हा जुना डबा — ना पडदा, ना माऊस. त्यात पोरानं लिनक्स नावाची सिस्टिम घातली. वर-खाली कुणीही काही मागितलं की डबा फोन लावतो आणि दोघांना वाटून देतो. "बाबा, एका विहिरीवर दोन मोटारी," म्हणाला होता.

विहीर आहे. मोटारी आहेत. तो बाळापूरच्या रोडवर अपघातात गेला. येत्या दोन एप्रिलला वर्ष.

११ फेब्रुवारी

पाहायला नको होतं.

डबा सगळं लिहून ठेवतो — कोणत्या नंबरनं, किती वाजता, काय उघडलं. रणजीतनं दाखवलं होतं. दुकानाचा नंबर तीन, वरचा चार. रोज दोनलाच फोन का लागतो, एवढंच बघायचं होतं.

चार नंबर. लग्न जुळवायची साइट. दोन वाजून सात मिनिटांपासून पावणेतीनपर्यंत. काल तेच, परवा तेच. संक्रांतीपासून जवळजवळ रोज.

बंद केलं. चहा आलेला तसाच निवला.

१२ फेब्रुवारी

वाईट वाटायचं कारण काय? संगिता अठ्ठावीस वर्षांची पोर. सकाळी बालवाडीत शिकवते, एकला घरी येते, दोनला तिची सासू, आमची बेबी, जरा आडवी होते — तेवढाच काय तो तिला एकांत. तिनं पुढचं बघावंच. दुसऱ्याच्या घरचं असतं तर मीच शहाणपण सांगायला गेलो असतो.

पण सृष्टी? तीन वर्षांचं लेकरू. आईबरोबरच जाणार. मग वर कोण? मी आणि बेबी — एकमेकांची तोंडं बघत.

बेबीला सांगायचं नाही. ती अजून रणजीतच्या ताटात कुणाला जेवू देत नाही. बायको गप्प बसली तर मला सोसत नाही, आणि हे ऐकून ती कायमचीच गप्प होईल.

२० फेब्रुवारी

आजही. चाळीस मिनिटं.

२ मार्च

केलं. लिहितानाही लाज वाटते.

रणजीतच्या वहीत एक पान आहे — वाईट साइट बंद कशा करायच्या. त्याच्या तिरक्या अक्षरात, माझ्यासाठी सोपं करून लिहिलेलं. ते बघून एक ओळ घातली — चार नंबरला ती साइट बंद. पोरानं शिकवलेली युक्ती पोराच्याच बायकोवर चालवली!

रात्री जेवताना कान टवकारून बसलो. संगिता नेहमीसारखीच. "मामा, भाकर घ्या की अजून." आवाजात जराही फरक नाही. मनात म्हणालो, पोरगी पक्की आहे! बेबीचंच डोकं दुखत होतं, ती न जेवताच उठली.

५ मार्च

सकाळी दुकान उघडल्या उघडल्या ती ओळ काढून टाकली.

मी तांड्यावरचा. आई-बाप ऊसतोडीला जायचे. नांदेडात एका रेडिओवाल्याकडे झाडू मारता मारता तारांना कथलाचा डाग द्यायला शिकलो. लोकांचं बंद पडलेलं चालू करून दिलं, त्याच्यावर हे घर उभं राहिलं. चालू असलेलं बंद करायचं काम आजवर केलं नव्हतं.

८ मार्च

दोन वाजून दहा. लागला फोन. हायसं वाटलं — आणि नकोसंही.

२ एप्रिल

वर्ष झालं. माणसं आली, जेवली, गेली. संगिता रडली नाही. मी त्याचाही अर्थ लावला!

११ एप्रिल

आज बोललो. बोललो नसतो तर बरं झालं असतं.

ती गच्चीवर धुणं वाळत घालत होती. म्हणालो, "संगिता, कुठं जुळत असलं तर मोकळेपणानं सांग. बापासारखा उभा राहीन."

हातातला फ्रॉक तसाच राहिला. "काय जुळायचंय मामा? कोण म्हणलं?"

"कुणी न्हाई म्हणलं. डबा सगळं लिहून ठेवतो गं."

"काय लिहून ठेवतो?"

सांगितलं. साइट, वेळ, सगळं. तिनं फ्रॉक बादलीत टाकला.

"पाळत ठेवून राहिले व्हय तुमी माझ्यावर? मी तर तुमच्याच लेकीची, निताताईची मेल पाहते, तेबी आठवड्यातून एकदा. वर्ष झालं अन् जड झाले का मी तुमाला? तसं असंल तर सरळ जा म्हणा. कॉम्प्युटरचं नाव काहून पुढं करता?"

"तसं न्हाई गं पोरी —"

"मग कसं?"

मी जिना उतरून खाली दुकानात आलो. आणि खरं लिहायचं तर तिचं म्हणणं पटलंही नाही. वाटलं, लाजेनं खोटं बोलते. गिऱ्हाईक 'खरखर येते' एवढंच सांगतं, मी ऐकतो आणि बराबर कुठली तार सुटलीय ते सांगतो — हा माझा ताठा! तीस वर्षांचा.

१३ एप्रिल

संगिता माहेरी गेली. शिरड शहापूरकडं. भाऊ जीप घेऊन आला होता, माझ्याशी धड बोलला नाही. दोन बॅगा. चार दिवसांना कुणी दोन बॅगा नेत नाही. सृष्टी मागच्या काचेतून हात हलवत होती, तिला गंमत वाटत होती.

बेबी म्हणाली, "काय बोलले तुमी तिला?"

"काही न्हाई."

"काही न्हाई म्हणता अन् नजर तर वर होईना तुमची."

१५ एप्रिल

दिवसभर वरून काही ऐकू येत नाही. सृष्टी जिना दणदण उतरायची तेव्हा ओरडायचो, हळू गं! आज जळबा म्हणाला, "गुलाबभाऊ, आवाज बसला का तुमचा?"

१६ एप्रिल

दुपारी दोन वाजून पाच. मोडेमनं फोन लावला. दुकानात मी एकटा, आणि माझा कॉम्प्युटर बंद. डब्यात पाहिलं — चार नंबर!

चपला न घालताच वर गेलो. कॉम्प्युटरसमोर बेबी. एक बोट माऊसवर, पडद्यावर पुरुषांचे फोटोच फोटो. दचकली नाही. संक्रांतीला निता आली तेव्हा तिच्याकडून शिकून घेतलं म्हणे. इंग्रजी येत नाही, नुसते चेहरे बघते. संगिता लेकराला घेऊन झोपली की बसायची.

"तिला सांगितलं न्हाई अजून. ती आपल्या तोंडानं कधी म्हणणार न्हाई. म्हणलं, आधी माणूस तर चांगला सापडू दे." शेजारची खुर्ची ओढली. "बसा. हा बरा दिसून राहिला. शिकलाय किती, ते वाचून दाखवा."