बसवराजच्या गाडीचे बुश

उमरगा, ऑगस्ट १९४८. बुधवार, संध्याकाळ

बसवराज गाव सोडून गेला. मला न सांगता गेला.

आठवडाभर आम्ही दोघं त्याच्या जुन्या दोन सीटच्या स्पोर्ट गाडीखाली पडून होतो. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या टोकातले बुश, म्हणजे आतल्या नळ्या, पार झिजलेले, खड्डा आला की मागून खडखडाट. निजामाच्या राज्याची सरहद्द बंद, नवे रबरी आणायचे कुठून? मी पितळेचे लेथवर कातून बसवले. तो सारखा म्हणायचा, "दस्तगीर, आवाज अजिबात नको बरं का." मला वाटलं, हौस आहे.

आज गेलो तर दाराला कुलूप. शेजारच्या गंगाबाई म्हणाल्या, "बायकूला घिऊन पहाटंच सोलापूरला गेला की. तुला सांगितलं न्हाय व्हय?" मग जीभ चावली नि लगबगीनं आत जाऊन दार लावून घेतलं.

म्हणजे त्यांना ठाऊक होतं! रझाकारांच्या भीतीनं रोज कुणीतरी जातंय, ते मला दिसत नाही का? आवाज नको होता तो यासाठी. मी मुसलमान, म्हणून मला सांगायचं नाही? शाळेपासूनचे आम्ही. माझ्या हातच्या बुशांवर बायकोला बसवून नेलं, तेव्हा भीती वाटली नाही. सांगायचीच वाटली.

मी जेवलो नाही. माझी बायको हमीदा म्हणाली, "जिवाची भीती असते हो. आपण जाणार असतो तर तुम्ही तरी कुणाला सांगितलं असतं?"

सांगितलं असतं. त्याला एकट्याला सांगितलं असतं.