न आलेल्या साथीतून बरे झाल्याच्या दाखल्याबाबत

प्रति,
मा. प्रांतिक शिक्षण संचालक,
वादी तारगा प्रांत.

अर्जदार: इज्जा आयत ऊब्राहिम, राहणार तिघरमत, व्यवसाय केशराची शेती.

विषय: कु. तौदा हिचे नाव शाळेच्या पटावरून कमी न करण्याबाबत, व तसे येत्या गुरुवारच्या आत कळवण्याबाबत.

संदर्भ: तारगा माध्यमिक विद्यालयाची दि. २९ नोव्हेंबरची नोटीस.

महोदय,

१. अर्जदार ही तौदाची आई आहे. मुलगी चौदा वर्षांची असून माध्यमिकच्या दुसऱ्या वर्गात शिकते, किंवा शिकत होती. यातले कोणते खरे, ते आपल्या हाती आहे. नोटिशीप्रमाणे येत्या शुक्रवारी तिचे नाव पटावरून निघेल. कारण दिले आहे, "संसर्गजन्य नेत्रविकार, बरे झाल्याचा दाखला नाही." तौदाला असा विकार कधीच झाला नव्हता. गावात कोणालाच झाला नव्हता. हे आधी का सांगितले नाही, याचा खुलासा पुढे केला आहे.

२. तिघरमतला केशराचे फूल ऑक्टोबरच्या अखेरीस येते. ऊन चढण्यापूर्वी ते खुडावे लागते. ऊन लागून फूल उघडले की केशर हलके होते आणि व्यापारी ते बोटांत चोळून परत करतो. म्हणून त्या दिवसांत घरातली सगळी माणसे अंधार असतानाच शेतात असतात. पुरुष अगादिरला बांधकामावर असल्याने सगळी माणसे म्हणजे बायका आणि मुली. तिविझीच्या रिवाजाप्रमाणे एक शेत सगळ्यांनी मिळून खुडायचे आणि मग पुढच्याकडे वळायचे. आपले उरकले म्हणून कोणी घरी जात नाही. शाळेचे फाटक आठला बंद होते. उशिरा आलेली मुलगी गैरहजर धरतात, आणि गैरहजेरी वाढली की वैद्यकीय दाखला मागतात. शेताचा दाखला चालत नाही. अर्जदाराने विचारून पाहिले आहे.

३. यंदा दाखल्यांची मागणी आली तेव्हा बायका कल्तूमाच्या ओसरीवर केशर निवडत बसल्या होत्या. कल्तूमा वयाने मोठी, तिच्या शब्दाला मान आहे. कोणी म्हणाले, माझ्या पोरीचे पोट दुखते सांगू, कोणी दात म्हणाले, कोणी ताप. कल्तूमा खवळली. "एकीचं पोट, एकीचा दात! मुख्याध्यापक काय खुळा आहे? शेत सगळ्यांनी मिळून खुडायचं आणि आजार तेवढा ज्याचा त्याचा? एक काय ते ठरवा." तेव्हा अर्जदारच म्हणाली, "डोळे सांगू. फुलं निवडून तसेही लालच असतात." सर्वांना ते पटले. गावात सगळे असेच ठरते.

४. आरोग्य केंद्रातले परिचारक सी लहसन यांनी विचारले, "लल्ला इज्जा, सगळ्याच पोरींचे डोळे?" अर्जदार म्हणाली, "सगळ्याच. गाव एकच ना, सी लहसन." त्यांनी सर्व दाखल्यांवर डोळ्यांची साथ असे लिहिले. त्यांना कोणी काही दिले नाही. चहा दिला, तो येईल त्याला देतात.

५. एका गावचे इतके दाखले पाहून मुख्याध्यापकांनी नियम काढला, की साथीच्या रुग्णाला जिल्ह्याच्या डॉक्टरने बरे झाल्याचे लिहून दिल्याशिवाय वर्गात घेता येत नाही. फुले संपली, मुली दप्तर घेऊन फाटकावर गेल्या. फाटकावरचे म्हातारे शिपाई तोंडावर फडके धरून ओरडले, "पोरींनो, तिथेच थांबा! माझ्या घरी नातवंडं आहेत." शाळेची गाडीही त्यांना घेईना. आदल्या आठवड्यात त्याच गाडीत कोंबड्यांची खुराडी नेली होती, हे अर्जदार नोंदवू इच्छिते.

६. अर्जदार मुलीला घेऊन जिल्ह्याच्या रुग्णालयात गेली. डॉक्टरीणबाईंनी पापण्या उलटून पाहिल्या आणि म्हणाल्या, "डोळे ठणठणीत आहेत."
"मग बरे झाले, असं लिहून द्या."
"ठणठणीत आहेत, असं लिहीन. बरे झाले कसं लिहू? आजारी होते ते मी कुठे पाहिलं?"
त्यांनी लिहिले ते मुख्याध्यापकांना दाखवले. ते म्हणाले, "बाई, डोळे चांगले आहेत हे मलाही दिसतंय. साथ संपली असं यात कुठे आहे?" सी लहसनना विनवले, की साथ नव्हती असे लिहा. ते म्हणाले, "नव्हती लिहिलं तर नोकरी जाईल. आणि संपली असं लिहायचा अधिकार मला नाही." तिघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, असे अर्जदाराला वाटते. त्यामुळेच तिला झोप नाही.

७. यानंतर आरोग्य खात्याचे पथक गावात आले. त्यांनी पाण्याच्या टाकीत औषध टाकले आणि घरोघर जाऊन डोळ्यांत थेंब घातले. कल्तूमाच्या डोळ्यांची आग दोन दिवस गेली नाही. गावात झालेला नेत्रविकार तो एवढाच. रुग्ण सापडला नाही, तेव्हा पथकाने लिहिले की ग्रामस्थ रुग्ण लपवत आहेत. आता शाळा म्हणते, लपवलेले रुग्ण पुढे येऊन बरे होईपर्यंत प्रवेश नाही. अर्जदाराने एखादी शेजारीण रुग्ण म्हणून पुढे करण्याचाही विचार केला. कोणी तयार झाले नाही.

८. दरम्यान ज्या घडत आहेत त्या गोष्टी खऱ्या आहेत. कल्तूमाच्या नातीचे लग्न ठरले. दोन मुली अगादिरला टोमॅटोची खोकी भरायच्या कामावर गेल्या. त्या परत येणार नाहीत, कारण तिथून कोणी शाळेत परत आलेले गावाने पाहिलेले नाही. त्यांना शाळा सोडायची नव्हती. घरच्यांनाही सोडवायची नव्हती. त्या फाटकाबाहेर होत्या, आणि घरात बसलेली मुलगी सगळ्यांच्या डोळ्यांवर येते. तौदा अजून रोज दप्तर घेऊन शाळेच्या भिंतीपर्यंत जाते आणि गणिताच्या वर्गाच्या खिडकीखाली बसते. ती दिसली की मास्तर मोठ्याने शिकवतात.

९. गुरुवारी बाजाराच्या दिवशी अर्जदाराची नणंद हाज्जा तामू कासाब्लांकाहून येणार आहे. तिथल्या एका घरी धुण्याभांड्यासाठी तिने तौदाचे बोलून ठेवले आहे. फोनवर अर्जदार म्हणाली, पोरगी शिकते आहे. ती म्हणाली, "कुठे शिकते? भिंतीला टेकून? त्यापेक्षा तिथे चार माणसांत राहील. आणि भांडी घासायला कसला गं दाखला लागतो?" तौदाच्या वडिलांनीही बहिणीला होकार दिला आहे. पटावर नाव आहे, एवढेच अर्जदाराजवळ सांगायला उरले आहे. तेही शुक्रवारपर्यंत.

१०. तरी विनंती अशी. नाव कमी करू नये. ज्या मुली गेल्या त्यांची नावेही राहू द्यावीत, म्हणजे त्यांना परत बोलवायला काही कारण राहील. पुढच्या वर्षीपासून फुलांच्या दिवसांत तिघरमतच्या मुलींना फाटक उशिरापर्यंत उघडे ठेवावे. बुडालेले तास संध्याकाळी भरून काढायला त्या तयार आहेत. दफ्तरी साथ असणे आवश्यकच असेल, तर ती असू द्यावी. ती अर्जदाराच्या नावे लिहावी. डोळे तिनेच सुचवले होते.

११. बरे झाल्याचा दाखला अर्जदार देऊ शकत नाही. त्याऐवजी हा अर्जच पुरावा म्हणून घ्यावा. अर्जदाराला लिहिता येत नाही. ती सांगते आहे आणि तौदा लिहिते आहे, तेलाच्या डब्यावर पाटी ठेवून. सरकारी पत्र कसे लिहायचे हे शाळेने तिला मागच्या वर्षी शिकवले. आठवा परिच्छेद तिने घाईने लिहिला. नववा लिहायला ती तयार नव्हती. अर्जदाराने दोनदा सांगितल्यावर लिहिला, त्यामुळे तिथे शाई फुटली आहे. ती डोळ्यांची चूक नाही.

आपली नम्र, आणि उत्तर येईपर्यंत स्वस्थ नसलेली,

इज्जा आयत ऊब्राहिम
(डाव्या हाताचा अंगठा)

तिघरमत, दि. १० डिसेंबर

सोबत:
१. सी लहसन यांचा दाखला, आजार असल्याचा.
२. डॉक्टरीणबाईंचा दाखला, आजार नसल्याचा.
३. शाळेची नोटीस.

उत्तर बाजाराच्या गाडीने कु. तौदाच्या नावे पाठवावे. घरात वाचणारी तीच आहे. अक्षर बारीक असले तरी चालेल.