मदतनीस बायांसाठी ठेवलेले घर

मी, ओनोरिनो सापिको आंतुन्या, वय वर्षे चौऱ्याऐंशी, विधुर, निपुत्रिक, निवृत्त खाणकामगार, राहणार सामा दे लांग्रेओ, आस्तुरियास, स्वखुशीने लिहून ठेवतो की कोळशाच्या धुळीने माझी फुप्फुसे निकामी केली असली तरी डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. ज्याला दाखला पुरत नसेल त्याने माझ्याशी पत्त्यांचा डाव मांडून बघावा.

हा मजकूर मी घरी, माझ्या हाताने लिहून नोटरीबाई मेन्सिया यांच्याकडे आणला; हा परिच्छेद तेवढा इथे बसून जोडला. त्या म्हणाल्या, "ओनोरिनो, यातलं निम्मं कायद्याला लागत नाही." मी म्हटले, "कायद्याला नसेल लागत, मला लागतं." त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "बरं, राहू दे." आमच्याकडे असा कायदा आहे की जो माणूस पगारावर आपली शुश्रूषा करतो त्याला काही द्यायचे असेल तर ते नोटरीसमोर उघडपणेच द्यावे लागते. कायदा योग्य आहे. म्हणून उघडपणे देतो, आणि वर दोन साक्षीदारही मीच मागून घेतले आहेत.

कलम पहिले. माझी पत्नी ओल्विदो वारली त्यानंतरच्या वर्षी केलेले मृत्युपत्र, ज्यात सर्व काही पुतण्या रामिरो याला दिले होते, ते रद्द समजावे.

कलम दुसरे. बँकेत जे काही उरेल ते रामिरोलाच मिळावे. तो वाईट माणूस नाही. हिहोनला राहतो, सणाला फोन करतो. मात्र माझी शुश्रूषा करणाऱ्या बेगोन्याची पाठ गेली तेव्हा तो मला म्हणाला होता, "काका, तिला त्याचेच पैसे मिळतात. तुम्ही कशाला जिवाला लावून घेता?" ते वाक्य मी विसरलेलो नाही, एवढेच त्याने समजून असावे.

कलम तिसरे. माझा दिवा, कुऱ्हाड आणि हातोडा खाणीच्या संग्रहालयाला देऊ नयेत. तिथे कोळसा धुण्याच्या कारखान्यात आता तिकीट काढून लोक येतात आणि हेल्मेट घालून फोटो काढतात. माझी हत्यारे सेव्हेरिनोला द्यावीत. तो एकवीस वर्षे माझ्या शेजारच्या थरात कोळसा फोडत होता आणि कुऱ्हाडीला धार कशी लावायची हे त्याला अजून येत नाही. शिकायला वेळ आहे.

कलम चौथे. घराबद्दल. इथे मला सविस्तर लिहिले पाहिजे.

सतराव्या वर्षी मी खाणीत उतरलो आणि एक्कावन्नाव्या वर्षी वर आलो तो कायमचाच, कारण खाण बंद झाली. बंद करण्याच्या बोलणीत कामगारांच्या बाजूने मी बसलो होतो. आम्ही चांगले भांडलो. खाली उतरणाऱ्या प्रत्येक माणसाला मुदतीआधी निवृत्ती आणि भरपूर निवृत्तिवेतन मिळाले. ज्या दिवशी यादी फलकावर लागली त्या दिवशी एतेल्विना फुएयो माझ्याकडे आली. ती आमचे अंघोळघर धुवायची. दिवसाला तीन पाळ्या, दर पाळीला दोनशे माणसांचा काळा गाळ.

"ओनोरिनो, आमची नावं कुठाहेत?"

"तुम्ही कंत्राटी गं. तुम्ही खाणीच्या नाही."

"मग तुमच्या पाठीवरून निघायचा तो गाळ कुठला होता? समुद्राचा?"

मी म्हणालो, "पुढच्या बोलणीत बघू." पुढची बोलणी नव्हतीच, आणि हे मला ठाऊक होते. ती आणि तिच्याबरोबरच्या दहा बाया रिकाम्या हाताने घरी गेल्या.

त्यानंतर या खोऱ्यातून कोळसा गेला, मग पोलाद गेले, मग कामाचे कपडे शिवणारा कारखाना गेला. तरुण गेले. आता इथे मुबलक असा माल एकच उरला आहे, तो म्हणजे आम्ही म्हातारे. आणि आम्हाला उचलायचे, धुवायचे, उलटायचे काम त्याच बायकांच्या मुली करतात.

बेगोन्या फुएयो माझ्याकडे पाच वर्षांपूर्वी आली. नगरपालिकेने कंत्राट दिलेली कंपनी तिला पाठवते. माझ्या वाट्याला सकाळची चाळीस मिनिटे. मग ती दुसऱ्या घरी, मग तिसऱ्या, असे दिवसाला सात म्हातारे. दोन घरांमधले चालणे तिचे स्वतःचे, त्याचा पगार नाही.

पहिल्या दिवशी मी तिला म्हणालो, "हे काय काम झालं? हे तर कोणीही करेल." तिने बाह्या वर सारल्या. आधी माझे तोंड पुसले, मग हात, आणि बाकीचे अंग टॉवेलखाली झाकून एकेक भाग उघडत धुतले. दर वेळी विचारायची, "आता पाठ घेऊ का?" ओल्विदो गेल्यापासून मला कोणी काही विचारले नव्हते. माझ्या टाचा तिने उजेडात धरून पाहिल्या आणि म्हणाली, "इथं जखम होणार. आठवड्यात." मला काही दिसत नव्हते. आठवड्याने लाल झाले. आम्ही खाणीत छताचा आवाज ऐकून सांगायचो की हे खचणार. चांगला कसबी माणूस मी ओळखतो.

कोरोनाच्या साथीच्या वसंतात, जेव्हा रामिरो फोनवरसुद्धा हळू बोलायचा, तेव्हा ती कचऱ्याची पिशवी अंगात घालून रोज आली. कंपनीने झगे दिले नव्हते. पिशवीला हातांसाठी भोके तिने कात्रीने नीट गोल कापली होती. हे मी मुद्दाम लिहितो.

सहा महिने झाल्यावर एकदा मी विचारले, "पोरी, तू कुणाची?"

"एतेल्विनाची."

मला खोकला लागला. तिने मला पुढे वाकवून पाठ थोपटली. दम परत आल्यावर मी म्हणालो, "तुला माहीत होतं मी कोण ते?"

"आमच्या घरात तुमचं नाव रोज निघायचं. जेवताना."

"मग पहिल्याच दिवशी का नाही बोललीस?"

"पहिल्या दिवशी तुमची अंघोळ होती. चाळीस मिनिटांत अंघोळ घालू की भांडू?"

मी एतेल्विनाला भेटायला जातो म्हणालो. ती म्हणाली, "उशीर केलात. आई जाऊन नऊ वर्षं झाली." आणि कॉफी ठेवायला गेली.

मागच्या वर्षी जानेवारीत ती माझ्याकडचे काम संपवून, फोनवर तशी नोंद करून जिना उतरत होती. मी न्हाणीघरात पडलो. धप्प आवाज ऐकून ती परत वर आली. मी नळ आणि भिंत यांच्यामध्ये अडकलो होतो, नाकातली प्राणवायूची नळी निसटली होती. नियम असा की दुसरी बाई बोलवायची आणि थांबायचे. तिने माझ्या तोंडाकडे पाहिले आणि थांबली नाही. मी तेव्हा अठ्ठ्याऐंशी किलो होतो. तिने मला उचलले आणि तिच्या पाठीत काहीतरी तुटल्यासारखे वाजले. ते मी ऐकले.

कंपनी म्हणाली, तिने काम संपल्याची नोंद केली होती, त्यामुळे हा कामावरचा अपघात नाही. घरी पाय घसरला असता तसेच हे.

तिने दावा लावला. मी साक्षीला जाणार म्हणालो तर बेगोन्याच बिछान्यातून फोनवर ओरडली, "अहो, दोन वर्षं तुम्ही दाराबाहेर पाऊल नाही टाकलंत! जिन्यात मेलात तर माझ्यावर तेही येईल." मी म्हणालो, "तेव्हा तरी कामावरचा अपघात धरतील का बघू."

माझ्या घरापासून रस्त्यापर्यंत अठरा पायऱ्या आहेत. तिच्या दोन मैत्रिणी, चारो आणि लुदी, आपल्या सुट्टीच्या दिवशी आल्या. खुर्चीवर बसवून, प्राणवायूची बाटली मांडीवर देऊन त्यांनी मला उतरवले. "कंबर नाही लुदी, गुडघे! गुडघ्यातून!" असे चारो दर पायरीला म्हणत होती. एकदाही धक्का बसला नाही. खाणीत खाली सोडणाऱ्या पाळण्यातही इतका सुखरूप कधी उतरलो नव्हतो.

मिएरेसच्या कामगार न्यायालयात कंपनीच्या वकिलाने मला गोड आवाजात विचारले, "आजोबा, तिने थांबायला हवं होतं, हे तुम्हाला पटतं ना?"

मी म्हणालो, "साहेब, मी चौतीस वर्षं जमिनीखाली होतो. कोणी गाडला गेला आणि आम्ही पाळी संपली म्हणून वर आलो असतो, तर या खोऱ्यात नुसत्या विधवा राहिल्या असत्या. खाली जो परत वळला त्याला आम्ही कामगार म्हणायचो. जो नाही वळला त्याच्याशी कोणी बोलायचं नाही."

न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी विचारले, "उचलताना ती काय म्हणाली?"

"आधी शिवी दिली, बाई. मग म्हणाली, 'तीन म्हटलं की उठायचं.'"

खोलीत सगळे हसले, बेगोन्याही हसली आणि पाठ धरून कळवळली. सात आठवड्यांनी निकाल लागला. कामावरचा अपघात. पगार, उपचार, सगळे कंपनीच्या माथी. त्या दिवशी मी ठरवले, घर तिला.

पाठ बरी होऊन ती कामावर परतली तेव्हा तिला सांगितले, तर तिने हातातला कंगवा खाली ठेवला. "मला घर नको. लोक म्हणतील, म्हाताऱ्याला गुंडाळलं. आणि माझ्यासारख्या सत्तर जणी आहेत इथे, त्यांना कोण घर देणार? मला चांगली नोकरी हवी, ओनोरिनो. बक्षीस नको."

"मग काय देऊ?"

तिने कंगवा परत उचलून माझे केस विंचरले. मग म्हणाली, "दोन घरांच्या मधे आम्ही बाकावर बसून जेवतो. पाऊस असला की बँकेच्या दारात. लघवीला जायचं तर कॉफी विकत घ्यावी लागते. तुम्हाला अंघोळघर होतं."

म्हणून: पहिल्या मजल्यावरचे माझे राहते घर या खोऱ्यातील घरोघर जाऊन शुश्रूषा करणाऱ्या कामगारांच्या संघटनेला मिळावे. ते विकू नये, भाड्याने देऊ नये. तिथे गरम पाण्याची अंघोळ, चूल, ओले कपडे टांगायला खुंट्या आणि पाठ टेकायला खाट असावी. किल्ली प्रत्येकीजवळ असावी. दारावर एतेल्विना फुएयो हे नाव लिहावे. माझे लिहू नये.

कलम पाचवे. नदीकाठचा मळा, त्यातील घेवड्याच्या वेलींसह, बेगोन्याला. हे तिला विचारलेले नाही, त्यामुळे तिला नाही म्हणता आलेले नाही.

कलम सहावे. कोर्टात "म्हाताऱ्यांना उचलणं हे जड काम नव्हे" असे शपथेवर सांगणाऱ्या कंपनीच्या देखरेख्याला माझी लोखंडी खाट. अट एकच, अठरा पायऱ्यांवरून त्याने ती स्वतः न्यावी.

कलम सातवे. अंत्यविधीला पाद्री नको. सायडर, म्हणजे आमची सफरचंदाची दारू, इथल्या रीतीप्रमाणे उंचावरूनच ओतावी. बेगोन्याने त्या दिवशी कोणाला खुर्ची देऊ नये, कप उचलू नये. रामिरोच्या शेजारी बसावे आणि कप रामिरोने उचलावेत.

दुरुस्ती. वरील मजकूर नोटरीबाईंनी टंकलिखित करून मला मोठ्याने वाचून दाखवला. कार्यालयाच्या प्रतीत बेगोन्या फुएयो यांच्या नावापुढे व्यवसाय म्हणून "मोलकरीण" असे पडले होते. लिहून देणाऱ्याने वाचन थांबवले. खाणीत पहिल्या दर्जाच्या माणसाचा दर्जा त्याच्या नावापुढे लिहीत, असे सांगितले. नोटरीबाईंनी तो शब्द खोडून स्वतःच्या हाताने "पहिल्या दर्जाची कसबी कामगार" असे लिहिले. खाडाखोडीला सर्वांची मान्यता आहे व तिच्याशेजारी सर्वांनी वेगळ्या सह्या केल्या आहेत.

लिहून देणार: ओनोरिनो सापिको आंतुन्या

साक्षीदार: १. सेव्हेरिनो कोतो, निवृत्त खाणकामगार (धार लावता येते, असे नमूद करण्याची विनंती)
२. आम्पारो लावियाना, औषधविक्रेती

समक्ष: मेन्सिया कास्त्रियॉन, नोटरी

सामा दे लांग्रेओ, ११ नोव्हेंबर २०२४