ताई एसटीत लागली

प्रिय शिवानीताई,

फोनवर मी विषय काढला की तू 'जेवलास का' विचारतेस, म्हणून लिहायला बसलो. जर्मनीतल्या लॅबनं दोन वर्षांसाठी बोलावलंय आणि तू अजून हो म्हणत नाहीस. का, तर आईचा गुडघा. वर मलाच दम, आईला सांगू नको म्हणून. बरं, त्याचं पुढं सांगतो.

आधी गंमत ऐक. परवा वेल्ह्याहून येताना (तिकडं ओढ्याला खेकडे काय माजलेत, पण ते राहू दे) भोरच्या स्टँडवर आपल्या शेजारचा गोरख भेटला. म्हणाला, शिवानी पुण्यात कम्प्युटरवर नक्की करती काय? मी छाती फुगवून सांगितलं, खेकड्याच्या कवचातनं कायटोसान नावाचा पदार्थ काढतात. त्याचे धागे औषधाला धरून अंगात नेतात. पण लई घट्ट धरलं तर औषध उतरायचंच नाही आणि सैल धरलं तर मधेच गळायचं. म्हणून औषध करायच्या आधीच ताई कम्प्युटरमधे बघते, कोण कुठं बसतंय, कुठं उतरतंय. गोरखनं बराच विचार केला नि म्हणाला, "म्हंजी कंडक्टरच की!" म्हटलं, व्हय, तसंच धर.

झालं. दुसऱ्या दिवशी गोरखकडनं ऐकून रतनबाई दारात. पोरगी एसटीत लागली म्हणं, पेढं कुठायत? आई आतनं ओरडली, "एसटीत न्हाई, खेकड्यात!"

हसू नको. दिवाळीत तू लॅपटॉपवर दाखवलं होतंस, तो वळवळणारा लांब धागा नि त्याच्याभोवती भिरभिरणारा लाल ठिपका. ठिपका एका वळणात जाऊन बसला तशी तू खुर्चीतनं उडीच मारलीस. मला दहावी नापासाला त्यातलं काय कळणार? पण तुझं तोंड बघून कळलं, काहीतरी मोठं जमलंय. तेव्हापासून कामासाठी गोव्यात असो, वेल्ह्यात असो, भेटेल त्याला सांगतो, माझी बहीण आहे ती.

रतनबाई गेल्यावर आईनं मला समोर बसवलं. तू एवढा गावभर सांगत सुटलायस, मग ती फोनवर गप्प गप्प का? मी जर्मनीचं सांगून टाकलं. आईनं निवडायचे तांदूळ बाजूला सारले. मग म्हणाली, "गुडघा माझा हाय, तिनं कशाला धरून बसायचं? जा म्हणावं." डोळे पुसले, पण पदराआडनं हसतही होती. आणि ताई, मी भोरला पंपाच्या दुकानात लागलोय. दिवसभर गावोगाव मोटारी दुरुस्त करत हिंडायचं, संध्याकाळी घरी. आईला दवाखान्यात मी नेईन. तू दरवेळी विचारायचीस, सध्या कुठं आहेस, आणि मला कधी धड सांगता आलं नाही. आता लिहूनच देतो: उत्रोली, आपलं घर. जर्मनीतनं पत्र याच पत्त्यावर टाक.

तुझाच,
कुमार