शिंपीकाकांचा हात

४ जून
नोकरीचा पहिला दिवस झकास गेला. कंपवाताच्या रुग्णाच्या मेंदूत डोपामिन हे रसायन कितपत काम करतंय, ते इथे यंत्रानं पाहतात. इंजेक्शन द्यायचं, यंत्राखाली झोपवायचं, चित्र घ्यायचं. निरोगी माणसाच्या चित्रात दोन ठळक स्वल्पविराम उजळतात. रुग्णाच्या चित्रात शेपट्या झडून नुसते ठिपके उरतात. तुलनेसाठी धडधाकट कुणीतरी हवं होतं, आयती मीच सापडले. माझे स्वल्पविराम एकदम लख्ख! तुला मेंदू आहे का, असं आई कायम विचारते. तिला फोटोच पाठवला.

११ जून
आज एक शिंपीकाका आले. चाळीस वर्षं कपडे शिवले, आता सुईत दोरा ओवता येत नाही. हात इतका थरथरायचा की डोकंही हलायचं आणि चित्र बिघडायचं. यंत्र चालू असताना आत थांबायचं नाही असा नियम आहे, पण मला राहवलं नाही. अर्धा तास त्यांचा हात घट्ट धरून बसले. चित्रात दोन ठिपके. फार वाईट वाटलं.

२० जून
काकांचा फोन. पहिल्या झटक्यात दोरा ओवला म्हणे. रडत होते. मलाही रडू आलं.
संध्याकाळी माझ्या हातून कप निसटला.

२ जुलै
उजवा अंगठा हलतो. मी हलवत नाही.

९ जुलै
डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांची चित्रं पुन्हा घेतली. काकांचे स्वल्पविराम, माझे ठिपके. मी चित्रांच्या नंबरांची अदलाबदल केली असं समजून बाईंनी झापलं.

१६ जुलै
बाईंनी स्वतः नंबर लावून परत घेतली. तेच आलं. आता त्या माझ्यापासून चार हात लांब उभ्या राहतात.

२६ जुलै
बटणं लागत नाहीत. काकांना फोन केला. काय मागणार ते त्यांना कळलं असावं. हातात खूप काम आहे म्हणाले, आणि ठेवला.

३ ऑगस्ट
आई आली. सगळं सांगितलं. हात धरू नकोस — शपथ घातली.

५ ऑगस्ट
दुपारी जाग आली तर ती उशाशी. माझा हात तिच्या दोन्ही हातांत. कधीपासून — ?
"माझं काय राहिलंय आता. गप पड तू."

६ ऑगस्ट
बटणं लागली. आईच्या हातून चमचा पडला. बोटं ओली होती म्हणते.
तिनं परत हात पुढे केलाय. नाही म्हणायला हवं. म्हणणार आहे. पण अंगठा अजून — फक्त अंगठा. एवढंच, मग नाही —
डाव्या हातानं लिहितेय, कारण उजवा आईच्या —