दुसऱ्याच्या गेटातून शाळेत

माय,

तू बोलू नको म्हणाली होतीस ते मी काल बोलले. शाळेत, हेडसरांच्या खोलीत, भर दुपारी. आत्ता हे लिहितानाही माझं लक्ष जिन्याकडे आहे, कोणी वर येतंय का म्हणून. पन्नाशीला टेकलेली बाई, सरकारी शाळांमधून अपंग मुलांना शिकवते, आणि घाबरलीय तुझ्या त्या शाळकरी पोरीसारखीच. तू असतीस तर तुला हसू आलं असतं. नाही, आलं नसतं. तूही घाबरली असतीस.

बाबा गेले, भिलाईच्या पोलाद प्लांटचं क्वार्टर सोडावं लागलं, आणि गावाकडे परत जायला तू साफ नाही म्हणालीस, कारण तिथं माझी शाळा सुटली असती. मग रिसालीच्या बाजारातल्या एका बंद दुकानाच्या ओट्यावर आपण झोपायला लागलो. बाजार उठला की पथारी पसरायची, बाजार भरायच्या आत गुंडाळायची. सकाळी तू प्लांटच्याच वसाहतीत, सेक्टरमधल्या एका क्वार्टरमध्ये धुणीभांडी करायचीस. मागच्या गल्लीच्या दारानं तू मला आत घेतेस, न्हाणीत तोंड धुवायला लावतेस, वेणी इतकी घट्ट घालतेस की डोळे ताणले जातात. मग पुढं जाऊन सडा घालतेस, रांगोळी काढतेस. मालकीणबाईनं ते काम तुला कधी सांगितलेलं नव्हतं. क्वार्टरांच्या लाइनीतली पोरं शाळेला निघाली की तू मला पुढच्या गेटातून बाहेर सोडतेस, आणि मी त्या रांगोळीवरून जपून पाय टाकत त्यांच्यात मिसळते. बघणाऱ्याला वाटावं, या घरची लेक निघाली. मलाही अर्धंअधिक तसंच वाटायचं. रांगोळी आपली होती ना.

एकदा मी गेटाबाहेर मैत्रिणीला सांगायला लागले, की बाजारातली कुत्र्याची पिलं रात्री आमच्या गोधडीत शिरतात. तू मागंच उभी होतीस. दंडाला धरून मला गल्लीत नेलंस. तुझा आवाज चढला नव्हता, उलट अगदी खाली गेला होता, त्याचीच मला जास्त भीती वाटली. "कावून सांगून राहिली तू? शाळेतल्या बाईले समजलं तं नाव कापून टाकतीन तुयं. कोणी इचारलं तं गेटाकडं बोट दाखवजो. तोंड उघडू नको." मी उघडलं नाही. कशालाच उघडलं नाही, पाढे विचारले तरी. त्यातून माझे कान वाहायचे, निम्मं ऐकूच यायचं नाही. बाईंनी मला मंद ठरवून शेवटच्या बाकावर नेऊन बसवलं. तुझ्यावर राग नाही माझा. घर नाही म्हणून लेकराचं नाव कापता येत नाही, आणि कान अधू म्हणून त्याला बाजूला सारता येत नाही, असा आज कायदा आहे. तेव्हा काय होतं मला ठाऊक नाही. असतं तरी त्या ओट्यापर्यंत येऊन तुला कोण सांगणार होतं.

आता जिच्यासाठी काल बोलले त्या पोरीचं सांगते. तिसरीत आहे, मायलेकींची बोली आपलीच. कानामागं ऐकायचं मशीन लावते, पण तिचं खरं ऐकणं डोळ्यांनी चालतं, समोरच्याच्या ओठांवरून. म्हणून माझा नेम आहे, तिच्याशी बोलताना तोंड फिरवायचं नाही. भिलाई-३ ला रुळांच्या कडेला त्यांची झोपडी होती, ती पाडली गेली. आता मायलेकी शाळेजवळच्या एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत राहतात. घर नाही हे मला कोणी सांगितलं नाही, बाकीचं मागाहून कळलं. एका सकाळी मी तिला एका बंगल्याच्या गेटातून बाहेर येताना पाहिलं. तिनं मागं वळून गेट हळूच ओढून घेतलं, आणि गेटावरचा हात जरा जास्त वेळ तिथंच ठेवला, लोकांना दिसेल असा. असा हात फक्त परक्या गेटावरच ठेवतात, मायबाई. मी ठेवलाय.

काल हेडसरांनी मला आणि त्या पोरीला बोलावलं. माणूस वाईट नाही, आपल्याच गोंदियाकडचा. कागद पुढं सरकवून म्हणाले, "मॅडम, हिची मशीन शिट्टी मारून राहिली दिवसभर, पोरं हसून राहिले. तुमी घरी जाऊन शिकवा ना हिले. सही करा इथं." चालता येत नाही, बसता येत नाही अशा लेकरांसाठी घरी शिकवायची ती सोय आहे, तीही आईबापांना हवी असेल तर. हिला वर्ग हवा आहे. हे मी सांगितलं, कायदा सांगितला. ते नुसतेच मान हलवत होते. त्यांना अडवेल असं एकच वाक्य उरलं होतं, आणि ती पोर माझ्या ओठांकडे टक लावून बसली होती. माझी नोकरी कंत्राटी, दरवर्षी नव्यानं देतात ती. पण भीती नोकरीची कमी होती. भीती त्या डोळ्यांची होती. मी माझा नेम मोडला. तिच्याकडे पाठ केली आणि म्हणाले, "कोणत्या घरी शिकवू, सर? तिले घर नाही."

हेडसर दचकले. "घर नाही हिले? म्हणजे झोपते कुठं हे?" मग कागद ड्रॉवरमध्ये ठेवला. फाडला नाही, नुसता ठेवला. "वर इचारावं लागन. तवर बसू द्या वर्गात." मी वळले तर पोर माझ्याकडे पाहतच नव्हती. तिचे डोळे हेडसरांच्या तोंडावर होते. मी पाठ केली होती, माय, पण ते तर तिच्या समोरच बसले होते.

आज सकाळी मी त्या बंगल्याच्या कोपऱ्यावर जाऊन उभी राहिले. पोरं निघाली, गेट उघडलं नाही. घंटा झाली तरी नाही. मला वाटलं, संपलं. तिचा वर्ग वाचवायला गेले आणि पोर घालवली. तेवढ्यात सरळ रस्त्यानं, त्या अर्धवट इमारतीकडून, तिची आई तिला घेऊन येताना दिसली. विटा उचलून हाताची सालं गेलेली बाई. म्हणाली, "सकाळी मलेच इचारून राहिली, आता त्या गेटातून कावून जायाचं? बाईले तं माहीत हाय." पोर माझ्याकडे न बघता शाळेत गेली आणि पहिल्या बाकावर बसली. तिचं मशीन शिट्टी वाजवत होतं. वरून काय उत्तर येईल मला माहीत नाही.

माझं तिच्याइतकं धाडस नाही. गेल्या दिवाळीत माझ्या लेकीनं विचारलं, तुम्ही कुठं राहायचात? मी तिला गाडीत घालून नेलं आणि तू धुणीभांडी करायचीस त्या क्वार्टरचं गेट दाखवलं. तिनं तिथं माझा फोटो काढला. मी गेटावर हात ठेवून उभी आहे. तो फोटो बैठकीत लावला आहे, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला मीच सांगते, हे आमचं क्वार्टर. हे पत्र कोणाला दाखवायचं नाही. आता लेक येईल, आणि तिच्या पायांचा आवाज आला की मी हे गादीखाली सारणार आहे.